गावातून लघुग्रह शोधायचाय? मग फ्लेक्स छापायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या सरांचा फोन आला, म्हणे आमच्या पोट्ट्यांनी लघुग्रह शोधला, आता त्याला शाळेचं नाव द्यायचं आहे, फ्लेक्स छापायला टाकलाय, तुम्ही फक्त इंग्रजी स्पेलिंग बघून द्या. मी म्हटलं सर, आधी फ्लेक्सवाल्याला थांबवा. त्यांना राग आला असेल, पण खरी गोष्ट अशी की त्यांच्याकडे जो मेल आला होता त्यात 'प्रिलिमिनरी' हा एक शब्द होता आणि तो कोणी वाचलाच नव्हता.

म्हणून हे लिहून राहिलो. मी गावात कॉम्प्युटर क्लास चालवतो, आणि आठवी ते दहावीची पोरं घेऊन आतापर्यंत तीन मोहिमा केल्या आहेत. मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. पण जे आमच्याकडून चुकलं ते तुमच्याकडून चुकू नये एवढं तर सांगू शकतो.

आधी एवढं डोक्यात बसवा की लघुग्रह 'सापडणं' ही एका रात्रीत होणारी गोष्ट नाही, ते चार टप्पे आहेत. पहिला प्रिलिमिनरी, म्हणजे कोणाला तरी फोटोत हलणारा ठिपका दिसला. दुसरा प्रोव्हिजनल, म्हणजे तो पुन्हा दुसऱ्या रात्री दिसला आणि त्याला कच्चा क्रमांक मिळाला. तिसरा नंबर, म्हणजे कक्षा पक्की झाली. आणि चौथं नाव. पेपरात जे "गावच्या मुलीने शोधला लघुग्रह" असं येतं ते बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याचं असतं. त्यात वाईट काही नाही, पोरांनी खरंच मेहनत केलेली असते, पण बारसं व्हायला अजून लय वेळ असतो.

हे दगड असतात तरी कुठं

मंगळ आणि गुरूच्या मधात. सूर्यापासून अंदाजे 30 ते 50 कोटी किलोमीटरवर दगडांचा एक रुंद पट्टा आहे, त्याला मुख्य पट्टा म्हणतात. आतापर्यंत सगळे मिळून 13 लाखांहून जास्त लघुग्रह नोंदले गेले आहेत आणि त्यातले बहुतेक इथलेच. गावात पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की हा आपल्यावर पडणार तर नाही? लोणार आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, बेसाल्टच्या खडकात पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडून ठेवलेला, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. त्यात 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं कडं येऊन पडलं, तेव्हापासून तर वरून काहीही पडू शकतं असं सगळ्यांना वाटते. ते कडं रॉकेटचं होतं, दगड नव्हता. आणि मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आपल्या वाटेनं सूर्याभोवती फिरत राहतो, एका फेरीला साधारण तीन ते सहा वर्षं घेतो, आपल्याकडं येत नाही. आजीला एवढंच सांगा, तिला झोप लागू द्या.

दुर्बीण नको, लॅपटॉप पाहिजे

इथं बरेच जण मागं सरतात की आमच्याकडं दुर्बीण कुठाय. दुर्बीण लागतच नाही. हवाई बेटांवर हालेआकाला नावाच्या डोंगरावर पॅन-स्टार्स नावाची 1.8 मीटर आरशाची दुर्बीण आहे, ती रोज रात्री आकाशाचे फोटो काढते. अमेरिकेत टेक्सासमधून इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन नावाचा कार्यक्रम 2006 पासून चालतो, तो हे फोटो शाळा-कॉलेजच्या आणि हौशी लोकांच्या टीमना वाटतो. फी नाही. मधल्या एखाद्या संस्थेमार्फत गेलात आणि त्यांनी पैसे मागितले तर ते ट्रेनिंगचे असतात, लघुग्रहाचे नाहीत, हे नीट विचारून घ्या.

टीम बनवायची, वेबसाईटवर अर्ज भरायचा, मोहीम साधारण महिनाभराची असते. तारखा बघून अर्ज करा, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमची पहिली मोहीम नेमकी कापूस वेचणीत आली आणि अर्धी टीम वावरात. टीम फार मोठी करू नका, चार-पाच पोरं पुरे, त्यातला एक जण शांत डोक्याचा पाहिजे, हुशार नसला तरी चालेल.

लॅपटॉप विंडोजचा हवा, साधा चालतो. मोबाईलवर होत नाही, कोणी कितीही म्हणो. सॉफ्टवेअरचं नाव अॅस्ट्रोमेट्रिका, ऑस्ट्रियातल्या हर्बर्ट राब यांनी बनवलेलं, दिसायला जुनाट आहे पण काम चोख करते. नेट लागते ते फोटो उतरवायला आणि ताऱ्यांची यादी ओढायला. आमच्याकडं रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर येते, म्हणून आम्ही फोन गच्चीवर टाकीजवळ ठेवून हॉटस्पॉट खाली वर्गात घेत होतो, माकडानं एकदा फोन उचलला होता ते वेगळं. आणि लाईट. लाईटचं मी काय सांगू, लॅपटॉप आधी फुल चार्ज करा आणि प्रत्येक पायरीनंतर सेव्ह करा. दुसऱ्या मोहिमेत अडीच तासांचं काम लाईटसोबत गेलं, बॅटरी मेलेली होती, आणि चूक पूर्ण माझी होती.

आता खरं काम

फोटोंची एक झिप फाईल येते. ती आधी उघडून वेगळ्या फोल्डरात टाका, झिपमधूनच फोटो लोड करायला जाऊ नका, नवीन लोक पहिल्या दिवशी हमखास हेच करतात. आत चार फोटो असतात, आकाशाच्या एकाच तुकड्याचे, तासाभराच्या आत थोड्या थोड्या वेळानं काढलेले. त्यासोबत एक कॉन्फिगरेशन फाईल देतात, ती अॅस्ट्रोमेट्रिकाच्या सेटिंगमध्ये आधी लोड करायची. कोणत्या दुर्बिणीचे फोटो आहेत हे त्यातून सॉफ्टवेअरला कळते, प्रत्येक वेधशाळेला एक कोड असतो आणि पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा एफ51 आहे. रिपोर्टमध्ये हा कोड चुकला तर पुढचं सगळं मुसळ केरात.

चारही फोटो लोड केले की डेटा रिडक्शन चालवा. सॉफ्टवेअर फोटोतले तारे यादीतल्या ताऱ्यांशी जुळवते आणि त्यांच्याभोवती गोल काढते. गोल ताऱ्यांवर बरोबर बसले की पुढं जा, भलतीकडं गेले तर सेटिंग पुन्हा तपासा.

मग ब्लिंक. चारही फोटो एकामागून एक भराभर दाखवतात, सिनेमासारखे. हे पोरांना समजवायला मला दोन दिवस लागले आणि शेवटी समजवलं ते एका शेतकऱ्याच्या पोरानंच. त्याचे बाबा रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, कारण पंपाची लाईन रात्रीच येते, आणि हा सोबत टॉर्च घेऊन जातो. तो म्हणे, "सर, वावरात अंधारात सगळं जागच्या जागी असते ना, पऱ्हाटी, धुरा, बाभूळ, पण एखादी सावली जराशीक सरकली की समजते रोही आला म्हणून. हे तसंच आहे." एकदम तसंच आहे. तारे जागच्या जागी, लघुग्रह सरकतो. आणि सरकतो तो असा मंद की आकाशात चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला साधारण दोन-अडीच दिवस लागतात, त्यामुळे तासाभराच्या फोटोत तो फक्त थोडासाच हलतो. घाईनं बघाल तर निसटते.

स्क्रीन उलटी करून घ्या, पांढऱ्यावर काळे ठिपके, डोळ्याला सोपं जाते. फोटो एकदम पूर्ण बघू नका, झूम करा आणि पिकाच्या तासावर फवारणी करतो तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग खालचा पट्टा, मग त्याखालचा. आम्ही टीममध्ये पट्टे वाटून घेतले होते, आणि एकाचा पट्टा झाला की दुसऱ्यानं तोच पुन्हा बघायचा. ज्या ठिपक्यांसाठी आपण बसलो आहे ते साधारण 19 ते 22 प्रतीचे असतात. प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा ठिपका फिका. आपल्या गावाच्या अंधाऱ्या आकाशात डोळ्यानं फार तर सहाव्या प्रतीचा तारा दिसतो. 21 प्रतीचा ठिपका त्याच्यापेक्षा 10 लाख पट फिका असतो. म्हणून तो फोटोत सुद्धा धड दिसत नाही, दिसला न दिसला असं वाटते.

सापडला! थांबा, नाही सापडला

हलणारं काही दिसलं की पहिले नोन ऑब्जेक्ट ओव्हरले लावा. जे लघुग्रह आधीच माहीत आहेत त्यांच्यावर खुणा येतात. दहापैकी नऊ वेळा तुमच्या ठिपक्यावर कोणाचा तरी नंबर आधीच बसलेला असतो. आमच्या पहिल्या दिवशी एक पोरगी खुर्चीवरून उठून ओरडली, "सर, हे हालून राहिलं!" आणि ओव्हरले लावला तर तो जुना नंबरवाला निघाला, पोरगी हिरमुसली. पण तिची नजर बरोबर होती हे त्यावरूनच कळलं, त्यामुळे जुना सापडणं म्हणजे वेळ वाया गेला असं समजू नका. ओव्हरलेची यादी ताजी करून घ्या मात्र, शिळ्या यादीवर काम कराल तर सगळेच नवे वाटतील.

खूण नसलेला हलणारा ठिपका मिळाला तर मग त्याच्यावर क्लिक करा, चारही फोटोंत, आणि एक छोटी खिडकी उघडते तिच्यातला आलेख बघा. इथं खरी पारख आहे. खरा ठिपका असेल तर आलेख खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखा दिसतो, मधात उंच आणि दोन्हीकडून उतरता. कॅमेऱ्यातला बिघडलेला पिक्सेल किंवा अंतराळातून आलेला एखादा कण असेल तर जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखा उभा दिसतो, एकदम वर आणि एकदम खाली. खुंटी दिसली की सोडून द्या.

मग तीन गोष्टी आणखी. चारही ठिपके सरळ रेषेत आहेत का. फोटोंमधल्या वेळेच्या मानानं अंतर सारखं आहे का. आणि उजेड चारही ठिकाणी साधारण एकसारखा आहे का. सिग्नल-नॉईजचा आकडा, म्हणजे ठिपका फोटोतल्या खरखरीपेक्षा किती पट ठळक आहे ते, पाचाच्या खाली असेल तर आम्ही हात लावत नाही. तीनच फोटोंत दिसला आणि चौथ्यात नाही, तर मन घट्ट करून सोडायचा, कारण ठिपके एवढे असतात की कोणतेही तीन शोधले तर रेषेत सापडतातच. आम्ही दुसऱ्या मोहिमेत उत्साहात असे सात पाठवले आणि सातही गळाले. तिसऱ्या मोहिमेत तीनच पाठवले, त्यातला एक टिकला.

टिकवायचे ते ठिपके टीमच्या कोडनं नोंदवायचे, कोड तुम्हाला मोहिमेवालेच देतात, तोच वापरायचा आणि एकाच वस्तूला चारही फोटोंत तोच राहू द्यायचा. सॉफ्टवेअर स्वतःच रिपोर्ट बनवते, नुसते अक्षर-आकड्यांचे रकाने असतात. त्यात हातानं काही बदलू नका, एक स्पेस इकडची तिकडं झाली तरी रिपोर्ट वापस येतो. दिलेल्या मुदतीत पाठवा. काहीच सापडलं नाही तरी कळवा, "या सेटमध्ये नवीन काही नाही" ही सुद्धा माहितीच आहे.

मग वाट बघायची

तुमचा ठिपका तपासून पुढं अमेरिकेतल्या केंब्रिज गावी मायनर प्लॅनेट सेंटरकडं जातो, जगातल्या सगळ्या लघुग्रहांचा सात-बारा तिथं आहे असं समजा. एका रात्रीच्या चार ठिपक्यांवरून त्याची वाट कळत नाही. तो दुसऱ्या रात्री कोणाला तरी दिसावा लागतो, मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वेळी.

हे काही आजचं दुखणं नाही. पहिला लघुग्रह सेरेस, तो 1 जानेवारी 1801 ला पालेर्मोत जुझेप्पे पियाझ्झी यांना दिसला, त्यांनी फेब्रुवारीपर्यंत त्याचा माग ठेवला, मग ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या बाजूला जाऊन हरवला. सापडलेला ग्रह हरवला! तेव्हा 24 वर्षांच्या गाऊस नावाच्या गणितज्ञानं थोड्याशा नोंदींवरून तो कुठं असेल याचं गणित मांडलं आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. पियाझ्झींनी त्यांच्या राजाचं नाव पण जोडलं होतं, सेरेस फर्डिनांडिया. राजाचं नाव लोकांनी पुढं टाकून दिलं. आपल्याकडचे लय लोक यावरून काही शिकतील असं मला वाटत नाही.

दुसऱ्या रात्रीची नोंद जुळली की कच्चा क्रमांक मिळतो आणि तो वाचायला मजा येते. उदाहरण घ्या 1988 डीक्यू1. पहिले वर्ष. मग पहिलं अक्षर म्हणजे पंधरवडा, ए म्हणजे जानेवारीचा पहिला, बी दुसरा, असं करत डी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला कितवा ते सांगते, आय हे अक्षर गाळतात म्हणून 25 अक्षरं होतात, क्यू सोळावा येतो, आणि पुढचा 1 म्हणजे 25 ची एक फेरी होऊन गेली. 25 आणि 16, म्हणजे त्या पंधरवड्यातला एक्केचाळिसावा. हा आर. राजमोहन यांना तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतून 17 फेब्रुवारी 1988 ला सापडला आणि आज त्याचं पक्कं नाव 4130 रामानुजन आहे. पोरांना वहीवर असे चार-पाच उलगडायला द्या, गणिताच्या तासाला चालून जाते.

पक्का नंबर यायला साधारण चार वेळा तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे रात्रभर दिसेल अशा जागी येताना टिपला जावा लागतो, आणि मुख्य पट्ट्यातल्या वस्तूला तशी संधी सव्वा-दीड वर्षातून एकदा येते. हिशोब तुम्हीच करा. आठवीतलं पोरगं तोवर कॉलेजात जाते. आणि शोधाचं श्रेय कोणाचं हे पण तेव्हाच ठरते. अशा ज्या संधीच्या वेळी पहिल्यांदा दोन रात्रींची नोंद कळवली गेली, त्या वेळची सगळ्यात आधी कळवलेली नोंद ज्याची, शोध त्याचा. तुमच्याआधी दुसऱ्या कोणी कळवलेली त्या वेळची नोंद निघाली तर श्रेय तिकडं जाऊ शकते. हे पोरांना मोहिमेच्या पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगाल तर फसवल्यासारखं वाटते.

आणि आता नाव

नंबर मिळाल्यावर शोधणाऱ्याला दहा वर्षं नाव सुचवायचा पहिला हक्क असतो. सुचवायचा, ठेवायचा नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची एक समिती आहे, ती ठरवते. नियम ऐका. रोमन लिपीत जास्तीत जास्त 16 अक्षरं, स्पेस धरून. शक्यतो एक शब्द. उच्चारता आला पाहिजे, आधीच्या नावासारखा नको, कोणाला लागेल असा नको. स्वतःचं नाव चालत नाही. कंपनीची जाहिरात चालत नाही, म्हणजे बियाणेवाला स्पॉन्सर मिळाला तरी उपयोग नाही. राजकारण आणि युद्धातली माणसं जाऊन शंभर वर्षं झालेली पाहिजेत, त्यामुळे भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला लघुग्रह भेट देता येत नाही, कोणी विचारलं तर हा नियम पुढं करा, आम्ही केला आणि सुटलो. पाळीव जनावरांची नावं पण नको म्हणतात. 2309 नंबरच्या लघुग्रहाला शोधणाऱ्यानं आपल्या मांजरावरून नाव दिलं होतं, तेव्हा खूप नाराजी झाली. आमच्यातल्या एकानं बैलाचं, सर्जाचं नाव धरून ठेवलं होतं, पोळ्याच्या दिवशी त्याला हे सांगायची पाळी माझ्यावर आली.

गावाचं नाव चालते, पण अक्षरं मोजा. चांदूरबाजार जोडून लिहिलं तर 12, बसते. अंजनगावसुर्जी 14, बसते. नांदगाव खंडेश्वर 19 होतात जोडून लिहिलं तरी, नाही बसत, तिथल्या लोकांनी काहीतरी छोटं काढावं. मोठी नावं कशी बसवतात ते बघायचं असेल तर विश्वनाथन आनंद यांचा 4538 विश्यानंद बघा, जपानमधून 1988 ला सापडला आणि नाव मिळालं 2015 ला. पंडित जसराज यांचा 2006 चा, नाव 2019 ला. वर्षं पण बघून घ्या, म्हणजे फ्लेक्सची घाई जाईल.

नावासोबत दोन-चार ओळीत कारण लिहायचं असते, इंग्रजीत, हे नाव कोणाचं आणि का. मंजूर झालं की समितीच्या बुलेटिनमध्ये छापून येते. आतापर्यंत साधारण 25 हजार लघुग्रहांनाच नावं आहेत, बाकी सगळे नंबरावर जगून राहिले.

एक सांगायचं राहिलं. नेटवर पैसे घेऊन ताऱ्याला किंवा लघुग्रहाला नाव देतो म्हणणारे भेटतील, सर्टिफिकेट सोनेरी असते. त्याला काडीचाही अर्थ नाही, खगोलशास्त्रीय संघ नावं विकत नाही.

मोहीम संपली की पीडीएफ सर्टिफिकेट येते, ते प्रिंट करून पोरांना द्या, त्यावर फ्लेक्स लावायचा असेल तर खुशाल लावा, फक्त "प्रिलिमिनरी" शब्द गाळू नका. आणि एक वही करा. मोहीम कधीची, सेटचा नंबर, टीमचा कोड, ठिपका कोणी पाहिला, कोणी तपासला, सगळं. वर्षांनी मेल आला तर हेच लागेल, तोवर शिक्षक बदलून गेलेले असतात आणि शाळेचा मेल-पासवर्ड कोणाला आठवत नाही, म्हणून मेल आयडी शाळेचा देऊ नका, जो माणूस गावातच राहणार त्याचा द्या. आमच्या वहीत तिसऱ्या मोहिमेच्या त्या एका ठिपक्यापुढं शेवटचा रकाना 'नाव' असा आहे. मी दर पोळ्याला मायनर प्लॅनेट सेंटरच्या साईटवर त्याचा कच्चा क्रमांक टाकून बघतो, अजून नंबर नाही. रकाना कोरा ठेवायचा असं ठरलं होतं, पण कोणीतरी पेन्सिलनं बारीक अक्षरात 'सर्जा' लिहून ठेवलंय आणि मी ते खोडलेलं नाही.